'न्कोसी सिकेलेल् इआफ्रिका' हे लोकगीत नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आफ्रिकेतील मुलांच्या ख्रिस्ती गायनवृंदांविषयी आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे याचाच आनंद एवढा होता की पहिल्या वाचनात फारसे काही खटकले नाही. दुसऱ्यांदा मात्र शाळामास्तरणीच्या जुन्या सवयीने हातात पेन्सिल घेऊन बसले, आणि पहिली खूण झाली ती छायाचित्राखालच्या ओळीवर. रंगीत पोशाखातील वीस-बावीस मुले तोंड भरून गात आहेत आणि खाली छापले आहे, की ही अनाथ मुले 'न्कोसी सिकेलेल् इआफ्रिका' हे पारंपरिक आफ्रिकी लोकगीत गात आहेत. त्यानंतर लेखभर खुणा करीत गेले. 'अनाथ' हा शब्द सात वेळा आला आहे, 'निरागस' चार वेळा, आणि संगीत या मुलांच्या 'रक्तातच' असल्याचे दोन वेळा सांगितले आहे. एकाही गीताच्या रचनाकाराचे नाव नाही, गीत कोणत्या भाषेतले ते नाही, आणि या मुलांना चार आवाजांत गायला कोणीतरी शिकवले असेल अशी शंकाही लेखात कोठे उमटलेली नाही. तक्रार करावी असा माझा स्वभाव नाही. पण ज्या गीताला आपण लोकगीत म्हटले त्याला कर्ता आहे, त्याचे नाव ठाऊक आहे, साल ठाऊक आहे, आणि ते गीत मुळात शाळकरी मुलांनी गावे म्हणून एका मास्तरांनी बांधले होते, एवढे तरी वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी अहिल्यानगरातील एका शाळेत सत्तावीस वर्षे संगीत शिकवले आणि त्याहून अधिक काळ आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, क्वायर (गायनवृंद) सांभाळला. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वाचनाचा नाही; हे गीत मी स्वतः सहावी-सातवीच्या मुलींकडून बसवून घेतले आहे आणि त्यात कोठे कोठे अडखळायला होते हे मला नेमके माहीत आहे.

या गीताचे कर्ते इनॉक सोंटोंगा हे दक्षिण आफ्रिकेतील खोसा समाजातले. लव्हडेलच्या मिशन संस्थेत शिकून ते जोहान्सबर्गजवळच्या नॅन्सफील्ड येथे मेथडिस्ट मिशनच्या शाळेत मास्तर झाले. शिकवावे, शाळेचा क्वायर बसवावा, रविवारी उपदेश करावा, फावल्या वेळात छायाचित्रे काढावीत आणि क्वायरला नवे काही हवे असले की स्वतःच शब्द आणि चाल रचावी, असा त्यांचा दिनक्रम. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या मिशन शाळांत अशा मास्तरांची एक पिढीच होऊन गेली, म्हणून त्यांची ओळख मला अवघड वाटली नाही. १८९७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, त्यांनी या गीताचे पहिले कडवे आणि ध्रुपद रचले. १८९९ मध्ये एका मेथडिस्ट पाळकाच्या दीक्षाविधीत ते प्रथम जाहीरपणे गायले गेले. गीताचा अर्थ साधा आहे : प्रभो, आफ्रिकेला आशीर्वाद दे, तिचे शिंग उंचावू दे, आमच्या प्रार्थना ऐक. यातले 'शिंग' हे बायबलच्या जुन्या करारातून आले आहे, जेथे शिंग उंचावणे म्हणजे बळ आणि सन्मान वाढणे. पण ज्या समाजाचे सारे वैभव गाईगुरांत मोजले जाई त्या समाजातल्या मुलाला हा शब्द समजावून सांगण्यासाठी कोणत्या टीकाकाराची गरज पडली असेल असे मला वाटत नाही. पुढे 'मोया'ला, म्हणजे आत्म्याला, खाली येण्याची विनवणी आहे. खोसा भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींना हा एकच शब्द चालतो, हे मी मुलींना सांगितले तेव्हा एक जण म्हणाली, "म्हणजे बाई, गाताना श्वास घ्यायला विसरलो की तो पण जाणार." मी वर्गात हसले नाही, पण ते वाक्य आजही आठवते.

सोंटोंगा आपली गीते एका वहीत लिहीत. ती वही इतर क्वायरचे मास्तर मागून नेत आणि अशी हातोहात फिरता फिरता ती शेवटी हरवली. आजवर सापडलेली नाही. ते स्वतः १९०५ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. गीत मात्र थांबले नाही. शिक्षक आणि नेते जॉन डुबे यांच्या ओह्लांगे येथील शाळेच्या क्वायरने ते कार्यक्रमांतून गावोगाव नेले. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे, पुढे जिचे नाव आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाले त्या संघटनेच्या पहिल्याच सभेत, समारोपाच्या प्रार्थनेनंतर ते गायले गेले. १९२३ मध्ये लेखक सोल प्लाकी यांनी लंडनमध्ये त्याची तबकडी काढली आणि १९२७ मध्ये कवी सॅम्युएल म्खायी यांनी त्याला आणखी सात कडवी जोडली. वर्णभेदाच्या काळात ज्या गीताने सभा संपत ते १९९४ नंतर राष्ट्रगीत झाले, आणि १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेचे जे संयुक्त राष्ट्रगीत आहे त्याची सुरुवात याच ओळींनी होते. त्या संयुक्त रूपात आत्म्याला बोलावणारी ओळ मात्र गाळलेली आहे. अनेक धर्मांच्या देशाने तसे करणे मला समजू शकते. पण म्हणूनच मूळ गीत कोठे ऐकायला मिळते, तर ते चर्चमध्ये आणि मुलांच्या गायनवृंदांत.

सोंटोंगा यांच्या थडग्याची गोष्ट आपल्या छायाचित्राखालच्या ओळीला फार लागू पडते. त्यांचे दफन कोठे झाले याचा पत्ता वर्षानुवर्षे लागत नव्हता, कारण शोधणारे जोहान्सबर्गच्या ब्रामफाँटेन दफनभूमीच्या नोंदवहीत 'सोंटोंगा' हे आडनाव पाहत होते आणि कारकुनाने नोंद केली होती नुसत्या 'इनॉक' या नावाखाली. अखेर ती जागा सापडली आणि २४ सप्टेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेला यांच्या हस्ते तेथे स्मारकाचे अनावरण झाले. राष्ट्रगीताच्या कर्त्याचे आडनाव सापडायला त्या देशाला एक्क्याण्णव वर्षे लागली. आपल्या उपसंपादकांना ते सापडायला एखादा तास पुरला असता.

आता 'रक्तातच' या शब्दाकडे वळते, कारण माझी खरी हरकत त्यावर आहे.

हे गीत मला प्रथम मिळाले ते एका परिचित पाळकांनी परदेशातून आणलेल्या झेरॉक्स पानावर. त्यावर पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी नव्हती. ओळीने रोमन अक्षरे होती, त्यांच्यामध्ये आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे, काही ठिकाणी एकच टिंब, मधून आडव्या रेघा आणि ठरावीक अंतरावर उभे दंड. आणि अशा चार ओळी एकाखाली एक, तळाशी शब्द. प्रथमदर्शनी ते बीजगणित वाटले. दहा मिनिटांनी लक्षात आले की अक्षरे म्हणजे डो, रे, मी, फा, सो, ला, टी यांची आद्याक्षरे आहेत, विसर्ग म्हणजे मात्रेची सीमा, एक टिंब म्हणजे अर्धी मात्रा आणि आडवी रेघ म्हणजे मागचाच स्वर लांबवणे. यात 'डो' कोठल्याही पट्टीवर धरता येतो. काळी दोन घ्या की पांढरी चार, लिहिलेले तेच राहते. म्हणजे हा आपला षड्जच. मी खडू उचलला, फळ्यावर चारही ओळी सा-रे-ग-म मध्ये उतरवल्या आणि त्या दिवशी कोणीही विशेष न घाबरता मुलींनी पहिली ओळ वाचून दाखवली.

या लिपीला टॉनिक सोल-फा म्हणतात. इंग्लंडमध्ये नॉरिच येथील सारा ग्लव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन या पाळकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती घडवली. रविवारच्या शाळेतील गरीब मुलांना, वाद्य परवडत नाही अशांना, स्वर वाचता यावेत हा हेतू होता. मूळ 'सी' हा सातवा स्वर बदलून ग्लव्हर बाईंनी 'टी' केला, तो केवळ 'सो' आणि 'सी' यांची आद्याक्षरे एकच येऊ नयेत म्हणून. एवढा बारकाईने विचार झालेला आहे. शिवाय तिला वेगळे टाइप लागत नाहीत. ज्या छापखान्यात हँडबिल निघते त्याच छापखान्यात चार आवाजांचे गीत निघू शकते. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत आफ्रिकेत गेली आणि तेथील मास्तरांनी ती अशी आपलीशी केली की इंग्लंडमध्ये तिचा वापर आटल्यावरही दक्षिण आफ्रिकेतील क्वायर तिच्यावरच वाढत राहिले. तेथील शालेय गायनस्पर्धांमध्ये ठरवून दिलेल्या गीताचे पान आजही दोन्ही लिप्यांत छापले जाते, वर पाच रेघा आणि त्यांच्या जोडीने सोल-फाची अक्षरे. लव्हडेलचे जॉन नॉक्स बोक्वे यांनी याच लिपीत न्त्सिकाना या खोसा संताचे स्तोत्र उतरवून ठेवले. न्त्सिकाना १८२१ मध्ये वारले. त्यांच्या स्तोत्राची चाल बोक्वे यांच्यापर्यंत पाठांतराने आली होती. सोंटोंगा यांची हरवलेली वहीदेखील याच लिपीतली होती.

मग ज्या मुलांना हस्तखुणांनी स्वर ओळखायला शिकवले आहे, ज्यांनी चार ओळींच्या पानातली आपली ओळ वाचून, चुकवून, पुन्हा वाचून पाठ केली आहे, ती छान गायली तर ते रक्तामुळे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आपल्याकडे एखादे मूल गाऊ लागले तर आपण आधी विचारतो, "कोणाकडे शिकतो?" या मुलांच्या बाबतीत तो प्रश्न का सुचू नये?

चार आवाजांत गाणे म्हणजे काय, हे एकदा आल्टोच्या, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाच्या, रांगेत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. वरची चाल सोप्रानोकडे, म्हणजे सर्वांत उंच आवाजाकडे, असते आणि कान आपोआप तिकडे ओढ घेतो. माझ्या वर्गात आल्टोच्या सहा मुली होत्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या ओळीपर्यंत चौघी घसरून सोप्रानोत गेल्या, पाचवी गप्प झाली आणि सहावी एकटीच बरोबर गात होती, तरी आपणच चुकलो असे समजून रडवेली झाली. मग त्यांना आठवडाभर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पेटीवर एकच ओळ घोटायला बसवले, नंतर एक कान बोटाने बंद करून गायला लावले, नंतर दोन्ही रांगांमध्ये दप्तरे रचून अंतर ठेवले, आणि मगच सगळ्यांना एकत्र उभे केले. सतरा दिवस लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा चारही ओळी एकमेकींवर नीट बसल्या त्या दिवशी शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, हे खरे. पण त्यांना त्या मागचे सतरा दिवस दिसले नव्हते. आपल्या लेखकालाही ते दिसलेले नाहीत, एवढेच मला म्हणायचे आहे.

लेखात आणखी एक वाक्य आहे, की ही मुले 'आफ्रिकन भाषेत' गातात. अशी एक भाषा नाही, हे तर झालेच; पण भाषेचा मुद्दा या संगीतात वरवरचा नाही. पश्चिम आणि दक्षिण आफ्रिकेतील अनेक भाषांत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढ-उतारावर ठरतो. नायजेरियाच्या योरुबा भाषेत 'ओको' हा शब्द सपाट स्वरात म्हटला तर नवरा, शेवट वर नेला तर कुदळ आणि खाली आणला तर वाहन किंवा होडी. आता अशा भाषेतले शब्द इंग्लंडमधून आणलेल्या चालीवर बसवले आणि चाल जेथे वर जाते तेथे शब्दाला खाली यायचे असले, की भाविक मोठ्या श्रद्धेने भलतेच काही गाऊ लागतात. पहिल्या पिढीच्या मिशनऱ्यांच्या भाषांतरित स्तोत्रांत हे सर्रास झाले. घानाचे एफ्राइम आमू यांनी यावर आयुष्य खर्च केले. बोलताना वाक्य जसे चढते-उतरते तशीच चाल चढली-उतरली पाहिजे, हा नियम धरून त्यांनी एवे आणि ट्वी भाषांत क्वायरसाठी रचना केल्या. ते आक्रोपाँग येथील प्रेस्बिटेरियन शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवीत. सुटाबुटाऐवजी देशी वस्त्र पांघरून ते उपासनेत उभे राहिले, देशी वाद्यांचा आग्रह धरला, आणि १९३३ मध्ये त्यांना तेथून जावे लागले. 'ही भूमी आमचीच आहे' अशा अर्थाचे त्यांचे १९२९ मधील गीत आज घानातील शाळांमधून मुले गातात.

हे वाचताना मला आमच्याच मंडळीची आठवण येणे स्वाभाविक होते. मराठीत स्वराने अर्थ बदलत नाही, पण लघु-गुरूचा हिशेब असतो, आणि इंग्रजी चालींवर बसवलेल्या जुन्या भाषांतरित गीतांत तो पार विसकटतो. 'शांति' या शब्दातला 'शां' अर्ध्या मात्रेत उरकायचा आणि 'ति' तीन मात्रा लांबवायची, असे एका गीतात येते. लहानपणी मला ते शेजारच्या ताईला हाक मारल्यासारखे वाटे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी हातात घेतली, त्याआधीच नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते, तेव्हा कोठे मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत मोकळेपणाने गाऊ लागला. आमू यांना टिळक ठाऊक असण्याचे कारण नाही. अडचण मात्र एकाच जातीची होती, आणि दोघांनी ती आपापल्या भाषेचे ऐकून सोडवली.

कर्त्याचे नाव पुसले जाण्याचा प्रकार केवळ वर्तमानपत्रांतच होतो असे नाही. 'मिस्सा लुबा' हे नाव पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांना परिचित असेल. बेल्जियन काँगोतील कामिना येथे गीदो हाझेन या फ्रान्सिस्कन पाद्रींनी १९५३ च्या सुमारास एक गायनवृंद उभारला. नऊ ते चौदा वर्षांचे पंचेचाळीसेक मुलगे आणि त्यांच्या जोडीला शाळेतले काही शिक्षक. मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासनाविधी; त्याचे लॅटिन शब्द तसेच ठेवून त्यांना काँगोतील शोकगीते, निरोपाची गाणी आणि नाचाचे ताल यांची चाल दिली गेली. हे कागदावर आधी लिहिलेले नव्हते, तालमींत मुले आणि शिक्षक यांच्या उत्स्फूर्त गायनातून ते घडत गेले. कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने देशी संगीताला उपासनेत मोकळी वाट दिली ती १९६३ मध्ये. हे त्याच्या पाच वर्षे आधीचे. १९५८ मध्ये ही मुले युरोपात गायली, ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातही गायली, आणि तबकडी जगभर गेली. त्यातले 'सांक्टुस', म्हणजे 'पवित्र, पवित्र' हे स्तवन, मी प्रथम ऐकले तेव्हा पेटीवर हात नुसता ठेवून बसले होते; ढोलांवर एकच पुरुषी आवाज उठतो आणि मागून मुलांचे आवाज जमिनीवर पाणी पसरावे तसे येतात. पण तबकडीवर ठळक नाव पाद्रींचे, आणि वृंदाचे नाव 'राजा बोदुएँचे गायक', म्हणजे बेल्जियमच्या राजाचे. हाझेन यांचे श्रेय मला नाकारायचे नाही. त्या काळात त्यांनी ते ऐकून घेतले, जपले, हे मोठेच आहे. ज्यांच्या शोकगीतांवर ते उभे आहे त्यांची नावे मात्र आजही शोधावी लागतात.

आता लेखातल्या करुण रसाविषयी. युद्ध, दारिद्र्य आणि एड्सची साथ यांनी युगांडासारख्या देशांत असंख्य मुलांचे आईबाप नेले, हे सत्य आहे. १९८४ मध्ये यादवीने पोळलेल्या युगांडातील मुलांमधून रे बार्नेट यांनी 'आफ्रिकन चिल्ड्रेन्स क्वायर' सुरू केला. १९९४ पासून कंपालाचा 'वाटोटो' वृंद फिरतो आहे. स्वाहिलीत वाटोटो म्हणजे मुले. अशा दौऱ्यांतून आलेल्या पैशांवर अनेक मुले शिकली, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे मोल मी घरात बसून कमी करू इच्छित नाही. तरीही या वृंदांच्या ध्वनिचित्रफिती पाहताना एक क्षण असा येतो की मी आवाज बंद करते. तिसरे किंवा चौथे गीत संपते, एक मूल पुढे येते, आपले नाव, वय आणि मोठेपणी काय व्हायचे आहे ते सांगते, आणि मग निवेदक त्याच्या घरच्यांचे काय झाले ते सांगतात. टाळ्या होतात. त्या मुलाने मघाशी आल्टोची अवघड उतरंड बिनचूक घेतली होती, त्या वेळी मात्र टाळ्या नव्हत्या.

हा साचा जुना आहे. १८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 'आफ्रिकन क्वायर' नावाचा सोळा जणांचा वृंद किंबर्ली येथे तंत्रशिक्षणाची संस्था काढण्यासाठी निधी जमवायला ब्रिटनला गेला. त्यात दोन लहान मुलगे होते. त्यांनी व्हिक्टोरिया राणीपुढे ऑस्बोर्न हाउस येथे गायन केले. ही मंडळी मिशन शाळांत शिकलेली, काही जण स्वतः शिक्षक; तरी कार्यक्रमाच्या एका भागात त्यांना कातडी आणि घोंगड्या पांघरून 'रानटी' दिसावे लागे आणि दुसऱ्या भागात व्हिक्टोरियन पोशाखात 'सुधारलेले'. प्रेक्षक त्या दोन पोशाखांतला फरक पाहायला येत. पैशांवरून पुढे वाद झाले आणि दौरा विस्कटला. त्यांच्यातल्याच शार्लट मान्ये नंतरच्या दौऱ्यात अमेरिकेत अडकून पडल्या, तेथील एका कृष्णवर्णीय चर्चच्या मदतीने ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात शिकल्या आणि परत येऊन १९१८ मध्ये त्यांनी बांटू विमेन्स लीग या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेची स्थापना केली. त्या काळी लंडनच्या स्टुडिओत काढलेली या वृंदाची छायाचित्रे शतकाहून अधिक काळ पेटाऱ्यात पडून होती. त्यातल्या त्या दोन मुलग्यांकडे पाहा. दोघेही छायाचित्रकाराकडे अशा नजरेने पाहत आहेत की कीव करणाऱ्याने आपली कीव परत खिशात घालावी.

याची काळी बाजूही नोंदलेली आहे. १९९० च्या दशकात झांबियातील मुलांचा एक वृंद अमेरिकेत टेक्सासला नेण्यात आला. मिळणारे पैसे गावाकडे शाळा बांधायला जातील, तुम्हाला शिक्षण मिळेल, असे सांगून मुलांकडून दिवसाला कित्येक कार्यक्रम करून घेतले गेले. वचने पाळली गेली नाहीत आणि अखेर सरकारी यंत्रणेला मध्ये पडून मुलांना तेथून काढावे लागले. हे घडू शकले ते ऐकणाऱ्यांच्या भाबडेपणामुळेही. चर्चमध्ये बसलेल्या लोकांनी डोळे पुसत पेटीत पैसे टाकले. तुम्ही शाळेत केव्हा जाता, हा दिवसातला कितवा कार्यक्रम, असे त्या मुलांना विचारणारे फार थोडे निघाले. म्हणून करुणेने भिजलेला लेख मला केवळ अपुरा वाटत नाही, थोडा धोक्याचाही वाटतो. संगीत म्हणून ऐकणारा माणूस निदान एवढे तरी विचारतो, की यांचे मास्तर कोण आणि तालीम किती वेळ चालते.

आपल्या पुरवणीत गाण्याच्या मैफलीचे वृत्त येते तेव्हा राग, ताल, बंदिश, साथीदार आणि गुरू यांची नावे न चुकता येतात; तबलजीचे नाव राहिले तर दुसऱ्या दिवशी फोन येतात, हे आपणही जाणता. तेवढीच शिस्त या मुलांच्या वाट्याला यावी. पुढच्या वेळी गीताचे नाव, भाषा, रचनाकार आणि वृंद बसवणाऱ्या व्यक्तीचे नाव छापावे, आणि जागा कमी पडली तर 'निरागस' हा शब्द चारही ठिकाणांहून काढावा.

तूर्त मागणी एका ओळीच्या शुद्धिपत्राची आहे. आपले काम सोपे व्हावे म्हणून मजकूर मीच देते : 'रविवार पुरवणीतील छायाचित्राखाली उल्लेखलेले न्कोसी सिकेलेल् इआफ्रिका हे लोकगीत नसून त्याची भाषा खोसा आणि शब्द व चाल इनॉक सोंटोंगा यांची आहे, १८९७.' आडनाव कृपया गाळू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
अहिल्यानगर
(नाव व पत्ता संपादकांकडे)